बेळगावजवळ काळोखं आकाश शोधताय? या चुका टाळा

आकाशगंगा बघायची तर लडाखलाच जायला हवं, असं मानणारे बेळगावात पुष्कळ आहेत. तसं अजिबात नाही. शहराच्या दक्षिणेला तास-दीड तासावर अशा जागा आहेत, जिथून अमावस्येच्या आसपास, हवा स्वच्छ असेल तर, आकाशगंगेतले काळे पट्टेसुद्धा साध्या डोळ्यांनी दिसतात. तरीही बरेच जण हौसेनं गाडी काढून जातात, तासभर मान वर करून उभे राहतात आणि हिरमुसून परततात. अशा वेळी जागा, तिथी किंवा दिशा यांपैकी काहीतरी चुकलेलं असतं, आणि या तिन्ही गोष्टी घरी बसून आधी तपासता येतात.

उंच जागा धरणं

पहिलं नाव निघतं येळ्ळूरच्या राजहंसगडाचं. गड सुंदर आहे, सूर्यास्ताला जरूर जा. पण ताऱ्यांसाठी ती जागा कामाची नाही. गडावरून अख्खं बेळगाव दिसतं, म्हणजे बेळगावचा प्रत्येक दिवा थेट तुमच्या डोळ्यांत येतो. उंचीचा फायदा धुक्यातून, धुळीतून वर निघण्यापुरता. शहर डोळ्यांसमोर असेल तर ती उंची उलट मारक ठरते. ताऱ्यांसाठी खोलगट माळ किंवा एखाद्या टेकडीच्या आडोशाची, शहराकडे पाठ असलेली जागा शोधावी.

अंतराचं गणित मात्र आपल्या बाजूचं आहे. शहराच्या उजेडानं आकाश किती उजळतं, याचा एक ठोकताळा अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ मर्ल वॉकर यांनी १९७० च्या दशकात मांडला. त्यानुसार अंतर दुप्पट केलं की तो उजेड निम्मा होऊन थांबत नाही, जवळजवळ सहाव्या हिश्श्यावर येतो. शहरापासून पंधरा किलोमीटरवर थांबण्याऐवजी तीसवर गेलात तर अर्ध्या तासाच्या जास्तीच्या प्रवासात आकाश पार बदलतं. २०११ च्या जनगणनेत बेळगावची लोकसंख्या पाच लाखांच्या आत होती. एवढ्या शहरापासून तीस-चाळीस किलोमीटर म्हणजे बऱ्यापैकी सुटका.

कुठल्या बाजूला जायचं, हा विचारच न करणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, आणि हिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. "किती लांब जाऊ?" हे सगळे विचारतात. "शहर माझ्या कुठल्या अंगाला राहील?" हे कुणी विचारत नाही.

बेळगाव साधारण १६ उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे ध्रुवतारा आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम १६ अंशांवर असतो आणि त्याच्याखाली बघण्यासारखं फारसं काही उरत नाही. दक्षिणेकडे मात्र आपल्याला असा खजिना मिळतो, जो दिल्लीकरांना बहुतांशी क्षितिजालगत किंवा त्याखालीच राहतो. फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री नऊ-साडेनऊला अगस्त्य तारा बरोबर दक्षिणेला, २१ अंशांवर असतो. एप्रिलच्या मध्यावर साडेअकराच्या सुमारास, किंवा मेच्या मध्यावर साडेनऊला, त्रिशंकू (सदर्न क्रॉस) हा तारकासमूह क्षितिजावर उभा असतो, अवघ्या १४ अंशांवर. हात पुढे ताणून मूठ धरली की साधारण १० अंश होतात. म्हणजे त्रिशंकू दीड मुठीवर. त्याच्या डाव्या हाताला मित्र आणि मित्रक हे दोन ठळक तारे. त्याहून तासाभरानं, वर २७ अंशांवर, ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ साध्या डोळ्यांना पुसटशा ताऱ्यासारखा दिसतो आणि दुर्बिणीतून भला मोठा कापसाचा गोळा होतो. लाखो ताऱ्यांचा हा गुच्छ आपल्या घराजवळून दिसतो, याचं मला दर उन्हाळ्यात नव्यानं अप्रूप वाटतं.

आता विचार करा. तुम्ही काकती, वंटमुरी, सुतगट्टी घाट किंवा हिडकल धरणाच्या बाजूला गेलात तर बेळगाव तुमच्या दक्षिणेला येतं. म्हणजे जिथे त्रिशंकू उगवायचा तिथेच शहराचा पिवळट-पांढरा उजेड चढलेला. ३५ किलोमीटर जाऊनही हाती काय लागलं? उत्तरेचं काळोखं आकाश, जिथे आपल्याला सगळ्यात कमी बघायचं असतं. वर पुणे-बेंगळूरु महामार्गावरच्या गाड्या, ढाबे, पेट्रोल पंप आहेतच.

म्हणून शहर ओलांडून दक्षिणेला जा. माझी पहिली पसंती खानापूरच्या पुढे नंदगड-हलशीच्या अंगाला. हलशी ही कदंबांची जुनी राजधानी. देवळं बघायला दिवसा लोक जातात, रात्री कुणी नसतं. तिथे बेळगाव उत्तरेकडे राहतं, धारवाडचा उजेड पूर्वेकडे थोडासा जाणवतो आणि दक्षिणेला हल्याळ-दांडेलीचं जंगल. दक्षिण क्षितिज इतकं मोकळं आणि काळं दुसरीकडे सहज मिळत नाही. खुद्द गावात न थांबता भातकापणी झालेल्या शेताच्या कडेला, मालकाला विचारून, जागा धरावी.

जांबोटी-कणकुंबीचा भागही उत्तम, पण एक ध्यानात ठेवा: तिथे पश्चिमेला आणि नैऋत्येला गोव्याचा उजेड असतो. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आकाशगंगेचा मध्यभाग अंधार पडल्या पडल्या नेमका नैऋत्येलाच मावळतीकडे झुकलेला असतो. त्या महिन्यांत हलशीच बरी. मार्च ते मे या काळात पहाटे तोच भाग आग्नेयेकडून वर येऊन दक्षिणेला सरकतो, तेव्हा कणकुंबी काय आणि हलशी काय, दोन्ही चालतील. चोर्ला घाटाच्या मुख्य रस्त्यावर मात्र थांबूच नका. शनिवार-रविवारी गोव्याच्या गाड्यांची रीघ असते आणि दर मिनिटाला डोळ्यांत हेडलाइट.

सवदत्तीचा माळ थोडा लांब, पण कोरडा आणि सपाट. यल्लम्माच्या मोठ्या जत्रा पौर्णिमेच्या, तेव्हा तशीही चांदण्यामुळे आपली रात्र वाया गेलेली असते.

नकाशावर डोळे मिटून विश्वास

प्रकाश प्रदूषणाचे नकाशे इंटरनेटवर फुकट मिळतात आणि ते वापरावेतच. फक्त एक समजून घ्या. त्यातले बरेचसे उपग्रहाच्या नोंदींवर बेतलेले असतात आणि त्या उपग्रहावरचा कॅमेरा निळसर उजेड फारसा टिपत नाही. गेल्या काही वर्षांत गावोगावचे पिवळे सोडियम दिवे जाऊन पांढरे एलईडी आले. त्यांच्यातला निळा भाग नकाशाला दिसत नाही, आकाशात मात्र तोच जास्त पसरतो. म्हणून नकाशावर गावात काळोख वाढलेला वाटला तरी प्रत्यक्षात तसं असेलच असं नाही. शिवाय तिठ्यावर नवा बसवलेला हायमास्ट, देवळाचा फ्लडलाइट किंवा एखादं रिसॉर्ट नकाशावर सापडणार नाही.

जागेची परीक्षा घ्यायची साधी रीत: मोबाइलचा नाइट मोड लावा, मोबाइल दगडावर टेकवा आणि चारही दिशांना क्षितिजाचा एकेक फोटो घ्या. डोळ्यांना समान वाटणाऱ्या दिशांमधला फरक फोटोत लगेच दिसतो. दक्षिणेचा फोटो सगळ्यात काळा आला तर जागा पक्की.

काळोख म्हणून फक्त अमावस्याच धरणं

अमावस्येच्या रात्री बाहेर पडू नये असं घरी कुणी तरी म्हणतंच. वाद घालायची गरज नाही. ताऱ्यांसाठी एकच तिथी पाळावी लागत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर पुरेसं आहे. संकष्टीला चंद्रोदयाची वेळ छापलेली असते, आई-आजी उपवास सोडायला ती बघतातच. तो चंद्रोदय साधारण नऊ-साडेनऊचा असतो आणि पुढे रोज सरासरी पाऊण-एक तास उशिरा होत जातो. संकष्टीनंतर तीन-चार दिवसांनी मध्यरात्रीपर्यंत मिट्ट काळोख मिळतो. तिथपासून शुक्ल तृतीयेपर्यंत संध्याकाळ आपली. उलट पहाटेचं आकाश हवं असेल तर शुक्ल अष्टमीपर्यंतच्या रात्री चालतात, कारण अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या आसपास मावळतो.

दिवाळीची अमावस्या तेवढी सोडा. फटाक्यांचा धूर दोन दिवस हटत नाही.

धुराचा हंगाम विसरणं

आपल्या भागातली ही खास अडचण. थंडीत ढग नसतात, म्हणून लोक डिसेंबर-जानेवारी निवडतात. पण तेव्हाच ऊसतोड जोरात असते, शिवारात पाचट पेटतं आणि कारखान्यांची धुराडी चालू असतात. सूर्य मावळल्यावर जमीन गार झाली की हा धूर वर न जाता खालीच पसरून राहतो. डोक्यावरचा मृग लख्ख दिसेल, पण क्षितिजापासून वीस अंशांपर्यंत सगळं गढूळ. आणि आपला त्रिशंकू नेमका तिथेच. मोबाइलवरचं हवामान ॲप "निरभ्र" म्हणेल, कारण त्याला ढग कळतात, धूर कळत नाही.

निघण्यापूर्वी सूर्यास्त बघा. सूर्य क्षितिजाला टेकण्याआधीच तांबूस, निस्तेज होऊन विरघळल्यासारखा दिसला तर त्या रात्री दक्षिणेचे तारे विसरा. उसाचा पट्टा सोडून खानापूरच्या जंगलाकडे सरकलात तर फरक पडतो.

सर्वांत स्वच्छ रात्र कुठली म्हणाल, तर वळीव पडून गेल्यानंतरची. एप्रिल-मे महिन्यात दुपारी धुवाधार सर येते, दहाच्या आत आकाश मोकळं होतं आणि धूळ, धूर सगळं बसलेलं असतं. अशा रात्रीची तयारी ठेवून बसा: गाडीत चटई, पाणी, डास पळवायचं क्रीम. हवामान खात्याच्या संकेतस्थळावर इन्सॅटची ढगांची चित्रं मिळतात, ती बघितली की घाटात अजून ढग आहेत का ते कळतं. शहरात निरभ्र आकाश आणि कणकुंबीला धुकं हे नेहमीचंच.

पाच मिनिटांत निकाल लावणं

डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. मध्ये कुणी मोबाइल उघडला, गाडीचं दार उघडून आतला दिवा लागला, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. टॉर्चवर लाल जिलेटीन कागदाचे दोन-तीन थर रबरबँडनं बांधा. अंधुक गोष्ट बघताना नजर जराशी बाजूला ठेवा. डोळ्याच्या कडेला मंद उजेड जास्त कळतो.

पहिल्याच वेळी महागडी टेलिस्कोप घेणंही टाळा. ७×५० किंवा १०×५० ची (सात किंवा दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगाची) दोन डोळ्यांची दुर्बीण पुरते. थंडीत मात्र दव पडतं आणि भिंगं धुरकटतात. ती रुमालानं घासू नका, दुर्बीण काही वेळ जॅकेटच्या आत ठेवा.

आकाश खरंच चांगलं आहे का, हे ठरवायला परदेशी पुस्तकं ध्रुवमत्स्यातले (ध्रुवताऱ्याच्या तारकासमूहातले) तारे मोजायला सांगतात. आपल्याकडे तो इतका खाली असतो की उपयोग नाही. नोव्हेंबर-डिसेंबरच्या संध्याकाळी भाद्रपदांचा चार ताऱ्यांचा मोठा चौकोन डोक्यावर येतो. त्याच्या पोटात एकही तारा दिसत नसेल तर तुम्ही अजून शहराच्या उजेडात आहात. चार-पाच दिसले तर आकाश छान आहे. त्याच दिवसांत देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिकेचा पुसट डाग दुर्बिणीशिवाय दिसला, तर जागेची खूण करून ठेवा.

जंगलात आणि शिवारात न सांगता शिरणं

खानापूर-चंदगड भागात अस्वलं, गवे आणि हत्ती आहेत. भीमगड अभयारण्यात रात्री जायचं नाही, आणि अभयारण्याबाहेरही झाडीत न बसता गावालगतच्या मोकळ्या माळावर बसा. शहराजवळ लष्करी हद्दीही आहेत, तिथे कॅमेरा-दुर्बीण घेऊन थांबू नका.

शेताचा मामला वेगळा. मोटारी, केबल चोरीला जातात, त्यामुळे रात्री बांधावर टॉर्च हलली की शेतकरी सावध होतो, आणि तो चुकत नाही. संध्याकाळी उजेड असतानाच गावात जा, चहाच्या टपरीवर काय करणार ते सांगा. खानापूरकडे मराठी चालते. सवदत्तीकडे कन्नड येणारा कुणी सोबत असला तर बरं. शेतपंपाची थ्री-फेज वीज रात्रीची असेल तर शेतकरी पाणी पाजायला येतोच, तेव्हा त्याची पाळी कधी आहे ते आधी विचारून घ्या आणि पंपघराजवळच्या दिव्यापासून लांबचा बांध निवडा. आलाच तर दुर्बीण त्याच्या हातात द्या.