घरची भाजी लावताय? फवारणीच्या आधी या चुका टाळा

दारात शेजारच्या काकू, हातात टोमॅटोचं पिवळं पडलेलं पान. “अगं, यावर काय मारू?” म्हटलं, “काकू, काही मारू नका, आधी कुंडी दाखवा.” कुंडी उत्तरेच्या बाल्कनीत, खालची ताटली पाण्याने काठोकाठ, आणि माती अशी चिकट की बोट घातलं तर सुटेना. पान बिचारं नुसता निरोप घेऊन आलं होतं.

घरच्या बागेत दुखणं पानावर दिसतं. चूक मात्र बहुतेक वेळा महिनाभर आधीच होऊन गेलेली असते: जागा निवडताना, माती भरताना, नाहीतर झारी हातात घेतल्यावर. म्हणून पुढच्या तक्रारी लोक सांगतात त्याच शब्दांत घेतल्या आहेत.

रोपं नुसती लांबतायत, फूल काही येत नाही

ऊन कमी पडतंय. टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी आणि वेलभाज्यांना रोज निदान ६ तास थेट ऊन लागतं. पालेभाज्या ३-४ तासांवर निभावून नेतात. इथवर सगळ्यांना माहीत असतं. फसगत पुढे होते. डिसेंबरमध्ये दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन पार खोलीतल्या दिवाणापर्यंत येतं, म्हणून आपण खूश होऊन १० कुंड्या मांडतो. पण पुण्यात मेच्या मध्यावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य थोडा उत्तरेला कललेला असतो. वर स्लॅब असला की तीच बाल्कनी जूनमध्ये सावलीत जाते. त्याच वेळी, थंडीत अंधारलेल्या उत्तरेच्या कठड्यावर मात्र सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं.

तेव्हा कुंड्या आणण्याआधी एका सुट्टीच्या दिवशी दर तासाला डोकावून ऊन कुठे पडतंय ते खडूने फरशीवर आखा. आमच्या फरशीवरच्या रेघा पाहून घरच्यांनी लंगडी खेळणार का विचारलं होतं. विचारू देत.

बी उगवलंच नाही

बहुधा हंगाम चुकलेला असतो. कोथिंबीर, मेथी, पालक, मुळा, गाजर दसऱ्यानंतर लावा. भेंडी, दुधी, दोडका, काकडी मृगाच्या पावसावर. एप्रिलमध्ये पेरलेली कोथिंबीर उगवलीच तर चार पानं देते आणि लगेच फुलावर जाते. टोमॅटोची रोपं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तयार केली की फळधारणा थंडीत येते. पारा ३५ अंशांच्या पुढे गेला आणि रात्रीही उकाडा राहिला की टोमॅटोची फुलं गळतात, तिथे कुठलंच टॉनिक कामाला येत नाही.

धने अख्खे पेरू नका. एका धन्यात दोन बिया असतात, लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करा. आणि बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोलच पेरा. पालकाचं बी बोटभर खोल पुरलं तर वर यायला त्याला दम उरत नाही. शक्य तिथे देशी बियाणं घ्या, म्हणजे पुढच्या वर्षीचं बी घरचं धरता येतं. संकरित वाणाच्या फळातलं बी धरलं तर पुढची झाडं आईसारखी निघतीलच असं नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना ज्या कामासाठी पद्मश्री मिळाली ते हेच, गावठी बी जपून ठेवणं आणि वाटणं.

रोज पाणी घालते, तरी पानं पिवळीच

रोज घालता म्हणूनच. मुळांना हवाही लागते, ती कोंडली की खालची पानं आधी पिवळी पडतात. दोन पेरं बोट मातीत घाला. आत ओल लागली तर झारी परत ठेवा. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, वापरणाऱ्यांनी जास्त सांभाळायचं, कारण ते वरून कोरडं दिसतं आणि आत चिंब असतं. शिवाय त्यात खाण्यासारखं जवळजवळ काही नसतं. निम्मी माती, पाव भाग गांडूळखत आणि पाव भाग कोकोपीट, एवढं मिश्रण माझ्याकडे बरं चालतं. आरओ मशीनचं टाकाऊ पाणी बागेला घालणं काटकसरीचं वाटतं, पण त्यात क्षार साठलेले असतात. काही महिन्यांनी कुंडीच्या काठावर पांढरी पुटं दिसतात, पानांच्या कडा करपतात. ते पाणी फरशी पुसायला ठेवा.

आणि ती ताटली! डेंग्यूचा डास साध्या, स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत नवा डास उडतो. तब्येतीसाठी बाग करायची आणि घरात ताप आणायचा, हे कुणी सांगितलंय? आठवड्यातून एकदा ताटल्या ओतून, घासून कोरड्या करा. नुसतं ओतून भागत नाही, अंडी काठाला चिकटून राहतात.

खत घातलं आणि रोप बसलं

ताजं शेण कुजताना तापतं आणि कोवळी मुळं भाजतात. पुरतं कुजलेलं शेणखत काळपट, भुसभुशीत असतं, त्याला शेणाचा वास येत नाही. एका वर्षी मी घाईत अर्धवट कुजलेलं पोतं घेतलं. तीन आठवड्यांनी वांग्याचं रोप दुपारी मान टाकायला लागलं. उपटायला गेले तर अलगद हातात आलं, खाली मूळच नव्हतं. माती कागदावर ओतली तेव्हा इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या, पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या ११ अळ्या निघाल्या. हुमणी. तेव्हापासून शेणखत आधी दोन दिवस उन्हात पातळ पसरते, चाळते, मगच कुंडीत.

दूध-साखरेचा चहाचा चोथा थेट कुंडीत टाकला की मुंग्या येतात आणि पाठोपाठ मावा, पानांचा रस शोषणारी बारीक कीड. चोथा धुऊन कंपोस्टच्या डब्यात टाका, आणि ओल्या कचऱ्यावर दर वेळी सुका पालापाचोळा घाला. डब्याला घाण वास आला तर समजा सुकं कमी पडलंय. टोमॅटो बुडाशी काळा पडला की लोक अंड्याची टरफलं चुरून घालतात. ती विरायला महिनोन् महिने लागतात, आणि कॅल्शियम मातीत बहुधा असतंच. पाणी कधी भरमसाट, कधी दोन दिवस नाही, यामुळे ते फळापर्यंत पोचत नाही.

दुधी धरतो, करंगळीएवढा होतो आणि गळतो

हा रोग नव्हे. परागण झालेलं नाही. वेलाला आधी फक्त नरफुलं येतात, सरळ देठाची. मादीफुलाच्या खाली इवलासा दुधी असतो. आता गंमत अशी की कारल्या-काकडीची फुलं सकाळी उमलतात, पण दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी. त्या वेळी तिसऱ्या मजल्यावर मधमाशी कुठली यायला! दिवेलागणीला नरफूल तोडा, पाकळ्या काढा, आतली पिवळी भुकटी मादीफुलाच्या मधल्या भागावर हलक्या हाताने फिरवा. जमलं असेल तर तीन-चार दिवसांत देठ खाली वाकतो आणि लव असलेलं फळ चकाकायला लागतं.

कीड आलीच तर मावा आणि पिठ्या ढेकणाला पहिला उपाय पाण्याची जोरदार धार. मग लिटरला ५ मिली निमतेल, थोडं साबणाचं पाणी, आणि तेही ऊन उतरल्यावर. तंबाखूचं पाणी मात्र फवारू नका. घरचं असलं तरी निकोटीन विषच आहे आणि ते पान आपण खाणार आहोत.

गच्चीवर वाफे बांधणाऱ्यांसाठी एक हिशेब: फूटभर जाडीची ओली माती चौरस मीटरला ५०० किलोच्या घरात जाते. वावर असलेल्या गच्चीसाठी मानकांत धरलेला भार १५० किलोच्या आसपास असतो. म्हणून पालापाचोळा जास्त, माती कमी, आणि मोठं काही करण्याआधी इंजिनिअरला विचारा.

तब्येतीचा हिशेबही आधीच मांडलेला बरा. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खा म्हणते. चौघांच्या घरात ते १ किलो ६०० ग्रॅम झाले, आणि १० कुंड्या ते पुरवत नाहीत. ही अपेक्षा ठेवून सुरू करणारे दोन महिन्यांत कुंड्या विकायला काढतात. बाल्कनीने काय द्यावं, तर रोज ताटात पडणारं मूठभर ताजं पान: बाहेरची पानं खुडत तीन-चारदा मिळणारा पालक, ट्रेमध्ये दहा-बारा दिवसांत होणारी समुद्रमेथी (दाट पेरून कोवळीच काढलेली मेथी), पुदिना, कढीपत्ता. उठबस होते तीही फायद्यातच. फक्त २० लिटरची बादली कमरेत वाकून उचलू नका, गुडघे वाकवा. आणि खुरपं लागलं तर धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा.

काकूंचा टोमॅटो शेवटी काढलाच. ऊन थोडं आणि पाणी सोडवत नाही, अशा माणसाला त्या बाल्कनीत एकच गोष्ट साधण्यासारखी होती, तिथे खायच्या अळूचे कांदे लावले. श्रावणात त्या वाटीभर फदफदं घेऊन आल्या. घसा जरा खवखवला, चिंच कमी पडली होती.