गाडीचे रबरी पार्ट घेताना या चुका टाळा: डबा कोरा, रबर म्हातारं

नवीन इंजिन माउंटिंग (इंजिन ज्यावर टेकतं तो रबरी टेकू) बसवलं आणि महिन्याभरात थरथर परत आली, की बोल मेकॅनिकला लागतो. आधी त्या रबराचं वय पाहा. रबर साच्यातून निघालं त्या दिवसापासून म्हातारं व्हायला लागतं, मग ते गाडीत असो की डब्यात. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्याला खातात आणि उष्णतेने ते काम आणखी लवकर होतं. ढोबळ हिशेबाने, तापमान दर 10 अंशांनी वाढलं की ऑक्सिडेशनचा, म्हणजे ऑक्सिजनने रबर खाण्याचा, वेग दुप्पट होतो.

रबर साठवणीचं आयएसओ 2230 हे मानक 25 अंशांखालची, कोरडी, अंधारी जागा धरून चालतं. अशा जागी सीलबंद ठेवलेल्या नैसर्गिक रबराला आणि एसबीआरला ते 5 वर्षं देतं, नायट्राइल व क्लोरोप्रीनला 7, ईपीडीएम व सिलिकॉनला 10 (नैसर्गिक सोडून बाकी सगळे कृत्रिम रबराचे प्रकार). माउंटिंग आणि सस्पेन्शन बुश (चाकं धरणाऱ्या दांड्यांच्या सांध्यातलं रबर) बहुधा पहिल्या गटात येतात, साधे ऑइल सील (शाफ्टभोवती तेल अडवणारी रबरी कडी) दुसऱ्यात, रेडिएटरचे होज पाइप तिसऱ्यात. ही वर्षं नागपुरात जशीच्या तशी धरू नका. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, बाहेरच पारा 45 च्या आसपास असतो. शहरालगतच्या वाडी भागातल्या एखाद्या टिनाच्या गोदामात, वरच्या फळीवर, तो त्याहून चढलेला असणार.

दुसरी चूक बिलाची तारीख पाहण्याची. डब्यावरचा महिना-वर्षही पुष्कळदा पॅकिंगचा असतो. खरी तारीख पार्टवर शोधा. साच्यातल्या अनेक रबरी भागांवर नखाएवढं घड्याळ उमटलेलं असतं: कडेला 1 ते 12 आकडे, मधे बाण, बाणाच्या दोन बाजूंना वर्षाचा एकेक आकडा. बाण 4 कडे आणि आकडे 1 व 9, म्हणजे एप्रिल 2019. टायरवर चार आकडे असतात; 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा.

जुन्या गाड्यांच्या मालकांनी इथे जास्त जपावं. मारुती 800 आणि ॲम्बेसेडर दोन्ही 2014 साली बंद झाल्या. त्या काळातला सीलपॅक ओरिजिनल माल मिळाला की आनंद होतो, आणि गिअर किंवा ब्रॅकेट असेल तर तो जरूर घ्यावा. रबर मात्र घेऊ नये. चांगल्या कंपनीचं गेल्या वर्षी बनलेलं पर्यायी माउंटिंग त्यापेक्षा कितीतरी बरं.

दुकानातच तपासा. पार्ट हलकेच वाकवा आणि ताणलेल्या बाहेरच्या बाजूवर मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा. ताणाला आडव्या, केसासारख्या बारीक भेगा दिसल्या तर तो ओझोनचा मार आहे, परत करा. टायमिंग बेल्ट मात्र असा वाकवून पाहू नका. घडी पडली किंवा बेल्ट उलटा पिळला की आतल्या दोऱ्या तुटतात आणि वरून काही कळत नाही. रबरावर पांढुरकी साय दिसली तर ती बुरशीच असेल असं समजू नका. बऱ्याचदा रबरात घातलेलं संरक्षक मेणच वर आलेलं असतं. साबणाच्या पाण्याने पुसा, पेट्रोलने नको.

कडक झालेलं रबर डिझेलमध्ये बुडवून किंवा तेल चोळून “जिवंत” करायचा उद्योग तर अजिबात करू नका. ते तेल पिऊन फुगतं आणि दोन दिवस मऊ लागतं. रबराच्या आतल्या रेणूंच्या साखळ्यांचे जोड बदललेले असतात, ते पूर्ववत होत नाहीत. फुगलेलं रबर उलट लवकर फाटतं.

घरी सुटे पार्ट ठेवायचे असतील तर आतल्या खोलीत, खालच्या खणात, काळ्या पॉलिथिनमध्ये घट्ट बांधून ठेवा. मऊ पीव्हीसीची पिशवी टाळा, तिच्यातलं तेलकट द्रव्य रबरात उतरतं. तांब्याची तार किंवा पत्रा लागू देऊ नका. वेल्डिंग चालतं तिथे ओझोन तयार होतो, तिथून लांब ठेवा. कूलरच्या झोतातही नको. ओलाव्याने माउंटिंगच्या लोखंडी प्लेटला गंज चढतो आणि रबर तिथून सुटतं. बेल्ट आणि ऑइल सील खिळ्याला टांगू नका: बेल्टला खिळ्याच्या जागी भेगा पडतात, सीलची ओठासारखी कड तिथेच चपटी होते आणि मग शाफ्टवर तेल झिरपतं.

बसवल्यानंतरची एक खूण लक्षात ठेवा. डिसेंबरच्या थंड सकाळी होजच्या क्लॅम्पपाशी कूलंट गळतं आणि इंजिन तापल्यावर थांबतं, तेव्हा क्लॅम्प पुन्हा पुन्हा आवळत बसू नका. होज दबून तसाच राहिलेला असतो, तो बदला.

बुश बदलताना चाकं लटकत असताना बोल्ट पूर्ण आवळला तर गाडी खाली येताच रबर पिळलेलं राहतं, आणि जुनं रबर तिथेच फाटतं. बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, मग टॉर्क द्या, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळा.

ब्रेकच्या रबर किटबाबत तडजोडच नको. तारीख सापडली नाही तर किट घेऊ नका. किटमधले रबरी वॉशर बसवताना ताजं ब्रेक ऑइल किंवा ब्रेकसाठीचंच रबर ग्रीस लावा. हाताला लागलेलं इंजिन ऑइलही त्यांना फुगवतं. नंतर आठवड्याने ड्रम उघडून व्हील सिलिंडरची धूळटोपी जरा मागे ओढा. आत ओल दिसली तर गाडी तिथेच थांबवा.