जुनी शेगडी: आधी ओळखा, मग माती लावा

माळ्यावरून काढलेली शेगडी कितीही मोडकी दिसली, तरी बिघाड बहुतेक दोनच जागी असतो: जाळी आणि आतलं मातीचं लिंपण. रंगाचा डबा आत्ताच उघडू नका.

आधी ती कशावर चालायची ते बघा. मध्ये जाळी आणि खाली राख ओढायचं दार असेल तर कोळशाची, कारण कोळशाला हवा खालून लागते. जाळी नसून पुढे लाकूड सरकवण्याजोगं तोंड असेल, तर ती लाकडाची.

मग हातोडीने टिचकी मारा. पत्रा खणखणतो, बीड म्हणजे ओतीव लोखंड बद्द वाजतं आणि तुटलं असेल तिथे करडं, दाणेदार दिसतं. चिरलेल्या बिडाला साध्या कांडीने वेल्डिंग करून घेऊ नका, शेजारीच पुन्हा तडकतं. निकेलची कांडी वापरणारा, आधी तापवून नंतर राखेत सावकाश निवू देणारा माणूस शोधा. पत्रा कुजला म्हणून शेगडीच्या अंगासाठी नवी बादली घेणार असाल, तर जस्ताचा मुलामा असलेली टाळा. तो तापला की त्याचा धूर बाधतो.

जाळीच्या सळ्या झिजल्या असतील तर लोहाराकडून तेवढ्याच जाडीच्या कापून आणा. दोन सळ्यांत बोटभर फट पुरे. टोकं मात्र घट्ट ठोकू नका. सळई तापली की लांबते, जागा नसेल तर कमान होते.

खरं काम लिंपणाचं. सुटलेली जुनी माती खरवडून काढा. दोन वाटे चिकणमाती, एक वाटा बारीक वाळू आणि मूठभर भाताचं तूस रात्रभर भिजवून सकाळी पायाने तुडवा. कणकेसारखी झाली की आतली बाजू ओली करून दोन बोटं जाड थापा, वर रुंद, जाळीशी अरुंद. सावलीत वाळू द्या. भेगा पडतातच, त्या त्याच मातीच्या पातळ रबडीने बुजवा. उन्हात ठेवायची घाई केली तर सगळं पुन्हा थापावं लागेल.

माती आतपर्यंत सुकल्यावर अंगणात गोवरीच्या दोन-चार तुकड्यांचा मंद जाळ करा. ओल राहिली असेल तर वाफेने ढपले उडतात. त्यानंतरच कोळसा, आणि तोही उघड्यावर. निखाऱ्यांना धूर दिसत नाही, पण बंद खोलीत त्यांचा कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. विझवताना पाणी ओतू नका, बीड तडकतं. राखेचं दार लावून वर राख पसरली की निखारे आपसूक बसतात.