आधी वायर, मग बल्ब

मी घरांच्या वायरिंगची कामं करतो. तरी स्वतःच्या साडेतीनशे सीसीच्या मोटरसायकलला १००/९० वॅटचा हेडलाइट बल्ब टाकताना साधा हिशोब केला नाही. ताम्हिणी उतरताना, विळ्याच्या अलीकडे, धुक्यात अप्पर मारला आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. होल्डर वितळला होता. माणगावपर्यंत एका टेम्पोच्या लाल दिव्यामागून गेलो.

हिशोब असा. माझ्या गाडीचा एच-फोर जातीचा हॅलोजन बल्ब मुळात ६०/५५ वॅटचा, म्हणजे अप्परला ६०, डिप्परला ५५. १२ व्होल्टला ६० वॅट म्हणजे ५ अँपिअर, १०० वॅट म्हणजे सव्वाआठच्या वर. एवढा करंट हँडलच्या स्विचमधून आणि बारीक वायरीतून ओढायचा.

म्हणून आधी मीटर लावा. इंजिन चालू, लाइट चालू. एकदा बॅटरीवर मोजा, एकदा होल्डरच्या पिनांवर. माझ्याकडे बॅटरीवर १३.६ आणि बल्बवर ११.९ व्होल्ट होतं. हॅलोजनचं व्होल्टेज दहा टक्के घटलं की उजेड तीसेक टक्के घटतो. म्हणजे खोट वायरीत आणि मी बदलत होतो बल्ब. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी!

उपाय: चार पिनांचे १२ व्होल्टचे दोन रिले, एक अप्परला, एक डिप्परला. रिले म्हणजे थोड्या करंटवर चालणारा आणि मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. बॅटरीच्या प्लसवरून अडीच स्क्वेअर एमएमची वायर घ्या, बॅटरीजवळच १५ अँपिअरचा फ्यूज टाका आणि ती दोन्ही रिलेंच्या ३० नंबरच्या पिनेला द्या. ८७ वरून बल्बला. जुन्या होल्डरला येणाऱ्या अप्पर-डिप्परच्या वायरी आपापल्या रिलेच्या ८६ ला, ८५ अर्थला. बल्बची अर्थ वायरही जाड घेऊन थेट बॅटरीच्या मायनसला न्या. हे बरेच मेकॅनिक टाळतात आणि निम्मा फायदा तिथेच जातो. काम करताना बॅटरीची मायनस वायर सोडून ठेवा. काही जुन्या गाड्यांचा हेडलाइट बॅटरीवर नसून मॅग्नेटोच्या (इंजिनबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या भागाच्या) एसीवर चालतो, तिथे हे सर्किट जसंच्या तसं जोडू नका.

आता तोच ६०/५५ चा बल्ब लावून बघा. माझ्याकडे बल्बवर १३.२ आलं आणि शंभरचा बल्ब डब्यातच राहिला.

तरीही हट्ट असेल, तर सिरॅमिक होल्डर आणि पत्र्याचा रिफ्लेक्टर हवाच. हा बल्ब रस्त्यासाठी मंजूर नाही, समोरच्याचे डोळे दिपतात, दंडही होऊ शकतो. शिवाय चार्जिंग तेवढं नसेल तर गर्दीत आयडलवर बॅटरी उतरते. ३५/३५ वॅटच्या एचएस-वन बल्बच्या जागी कान घासून एच-फोर कोंबणाऱ्यांना तर मी हातच जोडतो.

बल्बच्या काचेला बोट लावू नका, तेलकट डागावर काच तापून फुटते. शेवटी गाडी भिंतीसमोर सरळ उभी करा, स्वतः बसा, मागे नेहमीचं माणूसही बसवा आणि मगच बीम खाली घ्या. मी एकटाच बसून सेट केला होता. बायको मागे बसली आणि उजेड थेट झाडांच्या शेंड्यावर!