कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांच्या फोटोंची तुलना करताय? या चुका टाळा

फेब्रुवारीत भाचा दोन जुने कॉम्पॅक्ट कॅमेरे घेऊन घरी आला. दोन्ही सेकंडहँड. एक १० मेगापिक्सेलचा, दुसरा २० चा. पैसे एकापुरतेच होते, दुसरा रविवारपर्यंत परत करायचा होता. निकाल मात्र त्याने आधीच लावून ठेवला होता. "मामा, वीसवालाच ठेवतो. पाहा ना, दहावाल्याचा फोटो फाटून राहिला."

नागपूरच्या फुटाळा तलावावर संध्याकाळी, एकाच जागेवरून, दोन्ही कॅमेरे ऑटोवर ठेवून त्याने फोटो काढले होते आणि मागच्या इवल्याशा स्क्रीनवर मोठे करून पाहिले होते. मी ते संगणकावर घेऊन फोटोची माहिती उघडली. दहावाल्याने आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता, वाढली की फोटोत दाणे येतात) ८०० धरला होता आणि शटर, म्हणजे प्रकाश आत घ्यायची वेळ, १/६० सेकंद. वीसवाल्याने आयएसओ २०० आणि शटर १/१५. चौपट वेळ प्रकाश मिळाल्यावर फोटो स्वच्छ येणारच! पण त्याच फोटोत काठावर फिरणारी माणसं सगळी पुसट झाली होती, ती याने पाहिलीच नव्हती. ही तुलना कॅमेऱ्यांची कमी आणि ऑटो मोडच्या मर्जीची जास्त.

तेव्हा पहिलं काम, दोन्हीकडे आयएसओ हाताने एकच ठेवा. वीसवाल्यात ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं भोक) बदलायची सोयच नव्हती. अशा वेळी शटरचा आकडा तरी पाहून ठेवावा आणि एक्स्पोजर कमी-जास्त करून दोन्ही फोटोंचा उजेड जुळवावा. जास्त उजळ फोटो डोळ्याला नेहमीच चांगला वाटतो. दीक्षाभूमीचा पांढरा घुमट दुपारी टिपून बघा. उजळ फोटो पहिल्या नजरेला छान दिसतो, पण घुमटाचा पोत जळून नुसता पांढरा डाग उरतो.

संत्र्याची साल

मग आम्ही जेवणाच्या टेबलावर संत्री मांडली. मृग बहाराचा हंगाम, त्यामुळे टोपली भरलेली होतीच. चाचणीसाठी संत्र्यासारखी दुसरी वस्तू नाही असं माझं ठाम मत आहे (नागपूरकराने दुसरं काय म्हणावं!). सालीवर बारीक बारीक खळगे असतात. कॅमेरा दाणे घालवायला फोटो घासायला लागला की आधी ते खळगे जातात. आयएसओ ८०० वर वीसवाल्याचं संत्रं प्लॅस्टिकच्या चेंडूसारखं गुळगुळीत आलं. दहावाल्याच्या संत्र्यावर दाणे होते, पण खळगेही होते. दाणे नंतर कमी करता येतात, गेलेले खळगे परत येत नाहीत.

दुसरी गंमत रंगाची. भडक नारिंगी रंगात लाल चॅनल (लाल, हिरवा, निळा या तिन्हींपैकी लाल भाग) सगळ्यात आधी भरून वाहतो. तसं झालं की संत्र्याची उजेडाकडची बाजू सपाट दिसते, आणि आपण म्हणतो लेन्स मऊ आहे, बारकावे टिपत नाही. रंगाची भडकता आणि शार्पनेस मेनूत कमी करून पुन्हा काढा. कॅमेऱ्यात रॉ (कच्च्या, न सजवलेल्या) फाइलची सोय असेल तर उत्तमच, कारण नेहमीची जेपीईजी फाइल म्हणजे कॅमेऱ्याने आधीच मीठ-मसाला घालून वाढलेलं ताट.

दहावाला जिंकला यात जादू नव्हती. त्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, १/१.७ इंची, म्हणजे साधारण ७.४ गुणिले ५.६ मिलिमीटर. वीसवाल्याचा १/२.३ इंची, ६.२ गुणिले ४.६. लहान जागेत दुप्पट पिक्सेल कोंबलेले. कॅननने २००८ च्या जी१० कॅमेऱ्यात १४.७ मेगापिक्सेल दिले होते, पुढच्याच वर्षी जी११ मध्ये तेवढ्याच सेन्सरवर ते १० वर आणले. १ इंची सेन्सरही खरोखर इंचभर नसतो, १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटरचा असतो. जुन्या व्हिडिओ ट्यूबच्या मापावरून ही नावं चालत आली आहेत.

फोटो १०० टक्के मोठे करून शेजारी ठेवणं हीदेखील चूकच. २० मेगापिक्सेलचा फोटो त्यात जास्त ताणला जातो. दोन्ही एकाच मापाचे करून पाहा. ८ बाय १२ इंचांच्या प्रिंटला ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) साधारण ८६ लाख पिक्सेल पुरतात.

झूम आणि नागपूरचं ऊन

झूम न करता चांगला असलेला कॅमेरा झूमवरही चांगला निघेल असं धरू नका. सोनीचा पहिला आरएक्स१०० (२०१२) आणि कॅननचा जी७ एक्स (२०१४) दोन्ही एफ/१.८ पासून सुरू होतात (एफचा आकडा लहान, तेवढा प्रकाश जास्त). पण १०० मिलिमीटरला, म्हणजे पूर्ण झूमवर, सोनी एफ/४.९ वर येतो, कॅनन एफ/२.८ वर. म्हणजे तिथे प्रकाशात तिपटीचा फरक.

गेल्या मे महिन्यात मी स्वतः फसलो. वर्धा रोडवर भर दुपारी, पारा ४५ च्या घरात, पूर्ण झूम करून लांबच्या पाटीचा फोटो काढला. अक्षरं पाण्यात पडल्यासारखी. लेन्स गेली म्हणून दोन दिवस हळहळलो. मग त्याच पाटीचे लागोपाठ दहा फोटो काढले, तर प्रत्येकात अक्षरं वेगळ्या जागी वाकलेली. लेन्सचा दोष दर वेळी जागा बदलत नाही. डांबरावरून उठणारी तापलेली हवा लहरत होती. सकाळी साडेसहाला तीच पाटी खणखणीत आली. पावसाळ्यात उलटं होतं. एसीतून बाहेर आणलेल्या कॅमेऱ्याच्या काचेवर वाफ धरते, वीसेक मिनिटं थांबावं लागतं.

शेवटी भिंतीवर वर्तमानपत्राचं पान चिकटवलं. कॅमेरा स्टँडवर, भिंतीशी काटकोनात, दोन सेकंदांचा टायमर. वीसवाल्यात पानाचा डावा खालचा कोपरा पुसट आला. "तिरपा ठेवला असेल," भाचा म्हणाला. शंका रास्त होती, म्हणून कॅमेरा उलटा करून पुन्हा फोटो काढला. कॅमेरा तिरपा असता तर पानाचा तोच कोपरा पुसट राहिला असता. या वेळी उजवा वरचा कोपरा पुसटला, म्हणजे दोष कॅमेऱ्याबरोबर फिरला. लेन्सच कलती होती.

रविवारी वीसवाला परत गेला. परत घेणाऱ्याने विचारलं, "काऊन, मेगापिक्सेल कमी पडले का?" भाच्याने खिशातून वर्तमानपत्राचे दोन्ही प्रिंट काढून काउंटरवर ठेवले.