बारव साफ करायला निघालात? या चुका टाळा

गावची बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, साफ करायची ठरली की पहिल्या रविवारी पोरं उत्साहानं जमतात आणि दुपारपर्यंत कुणीतरी सिमेंटची गोणी आणतं. तिथंच घात होतो.

बऱ्याच बारवांच्या भिंतीत दगडावर दगड नुसते बसवलेले असतात. त्यांच्यामधल्या दरजांमधून, म्हणजे फटींमधूनच पाझर आत येतो. शेजारच्या गावात वर्गणी काढून सगळ्या दरजा सिमेंटनं भरल्या. फोटो झकास आले. पावसाळ्यात पाणी भिंतीमागं तुंबलं आणि पोळ्याच्या सुमारास भिंतीला पोट आलं. पंधरा दिवसांत वरचे थर ढासळले, कोनाड्यातला गणपतीही त्यांच्याबरोबर गेला. जिथं गुरं पाणी प्यायची, तिथं आता तारेचं कुंपण आहे.

तेव्हापासून मी कामावर सिमेंट येऊ देत नाही. निखळलेला दगड त्याच जागी, मागं कपच्या ठोकून बसवतो. मुळातच चुन्याचं बांधकाम असेल तर चुनाच, तोही नीट मुरवलेला. मुरायला वेळ लागतो. ज्यांना तेवढा धीर नाही त्यांनी पायऱ्या झाडाव्यात, पण भिंतीला हात लावू नये.

दुसरी चूक जेसीबीची. तासाभरात गाळ निघतो, पण पायऱ्यांच्या कडाही जातात. आम्ही घमेल्यानंच काढतो आणि प्रत्येक घमेलं उन्हात पसरून बघतो. एकदा चिखलाच्या गोळ्यातून बोटभर पितळी घंटा निघाली, लोलकासकट. असं काही सापडलं तर घरी नेऊ नका. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांवरच्या वस्तूचीसुद्धा जिल्हाधिकाऱ्यांना खबर द्यावी लागते.

मोटर लावून सगळं पाणी एका दमात उपसू नका, भिंतीचा आधार जातो. पिंपळाचं मूळ ओढून काढू नका, दगड घेऊनच येतं, कापत राहा. बारवेजवळ वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव स्मारकदगड असेल, तर त्याला ऑइल पेंट कधीच नाही. बारव संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय कुदळ उचलू नका.

आणि दिवाळीला दिवे लावून मोकळे होऊ नका. साताऱ्याजवळ लिंबला बारा मोटांची विहीर आहे, 110 फूट खोल. ती बांधली पाणी उपसायला, नुसते दिवे लावायला नव्हे. साफसफाईआधी मी वस्तीवरच्या बायकांना विचारतो, पाणी कशाला हवंय? आमच्याकडं त्या म्हणाल्या, धुणं आणि गुरं. मग बारवेबाहेर धुण्याचा दगड आणि हौद केला. आता पायरीवर कुणी बाटली टाकली तर त्याच आधी ओरडतात.