आइंडहोवनला राहायला जाताना: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

नेदरलँड्समधल्या आइंडहोवनची नोकरी पक्की झाली की बहुतेक जण आधी थंडीचे कपडे घ्यायला धावतात. त्याआधी कपाटातला जन्मदाखला काढून बघा, तिथल्या महानगरपालिकेत नाव नोंदवताना तो लागतो. तो नुसता मराठीत असेल, बाळाच्या नावाचा रकाना कोराच राहिला असेल किंवा आईच्या नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी जुळत नसेल, तर पुढचे काही आठवडे त्यातच जाणार आहेत असं समजा.

फिलिप्सने 1891 मध्ये या गावात दिव्यांचा कारखाना काढला. 1984 मध्ये फिलिप्सच्याच घरातून निघालेली एएसएमएल आता शेजारच्या फेल्डहोवनमध्ये चिप बनवणारी यंत्रं तयार करते. या दोघांच्या आसऱ्याने बाकीच्या कंपन्या आल्या आणि पुण्या-बंगळुरूचे इंजिनिअरही आले. नोकऱ्या वाढल्या, तेवढी घरं मात्र वाढली नाहीत. म्हणून इथे स्थिरावताना सगळं एकाच गोष्टीपाशी अडतं: महानगरपालिकेत नोंदणी करता येईल असा पत्ता.

भारतात असतानाच

व्हिसाचा अर्ज तुम्ही करायचा नसतो. मान्यताप्राप्त कंपनी 'उच्चकुशल स्थलांतरित' म्हणून आयएनडी या डच स्थलांतर खात्याकडे अर्ज करते. पगाराची किमान मर्यादा 30 वर्षांखालच्यांना कमी, वरच्यांना जास्त असते आणि ती दर जानेवारीत बदलते. मंजुरी आली की भारतातच पासपोर्टवर एमव्हीव्हीचा, म्हणजे प्रवेश व्हिसाचा, स्टिकर मिळतो. तो 90 दिवस चालतो, तेव्हा तिकिटाची तारीख त्यात बसवा. जोडीदाराचा अर्ज सोबतच करता येतो आणि त्याला किंवा तिला इथे नोकरी करायला वेगळा परवाना लागत नाही.

जन्म आणि लग्नाचे दाखले इंग्रजीत काढून घ्या. आधी राज्य शासनाचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून मारलेला शिक्का, असा क्रम असतो. विवाहितेच्या जन्मदाखल्यावर माहेरचं आणि पासपोर्टवर सासरचं आडनाव असेल, तर लग्नाचा दाखला हाच दोन्हींमधला दुवा. आणखी एक आपली खास गंमत: पासपोर्टात 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असेल, तर डच कारकून दोन्ही तुमचीच नावं धरतो. मग आयुष्यभर पत्रं दोन आद्याक्षरांनी येत राहतात. त्याचा त्रास काही नाही, पण सगळीकडे नाव तसंच्या तसं लिहा.

घर

शक्य असेल तर पहिले दोन महिने एकट्याने या. सहकुटुंब, चार बॅगा घेऊन हॉटेलात बसून घर शोधण्यासारखी दुसरी शिक्षा नाही. कंपनी तात्पुरतं घर देत असेल तर एकच प्रश्न विचारा: या पत्त्यावर महानगरपालिकेत नोंदणी होते का? नाही म्हणाले, तर ते घर फक्त झोपण्यापुरतं.

कायमचं घर फुंडा आणि पारारियुस या संकेतस्थळांवर शोधतात. जाहिरातीतले तीन शब्द पाठ करा. 'खेम्युबिलेर्ड' म्हणजे सामानासकट. 'खेस्टोफेर्ड' म्हणजे जमिनीवर आच्छादन आणि खिडक्यांना पडदे आहेत, फर्निचर नाही. 'काल' म्हणजे शब्दशः टक्कल. काँक्रीटची उघडी जमीन आणि छतातून लोंबणाऱ्या वायरी! आधीचा भाडेकरू लॅमिनेटची फरशीसुद्धा उचकटून घेऊन गेलेला असतो. भाडं कमी दिसलं म्हणून नवख्या माणसाने 'काल' घराच्या नादी लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. फरशी, पडदे आणि दिव्यांचा खर्च स्वस्ताई गिळून टाकतो, वर सोडून जाताना हे सगळं उचकटायचं काम तुमच्याच गळ्यात.

डिपॉझिट कायद्याने दोन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. घरमालकाच्या वतीने काम करणारा एजंट तुमच्याकडून दलाली मागू शकत नाही. भाडं अवाजवी वाटलं तर 'हूरकोमिसी'कडे, म्हणजे भाडे आयोगाकडे, जाता येतं. बहुतेक घरमालक भाड्याच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त पगार आहे का ते बघतात, तेव्हा नोकरीचा करार आणि पगाराचं पत्र पीडीएफ करून फोनमध्ये तयार ठेवा. घर बघून झाल्यावर 'घरी विचारून सांगतो' म्हटलं की घर गेलं. पण प्रत्यक्ष किंवा विश्वासू माणसाने बघितल्याशिवाय एक युरोही पाठवू नका. 'मी सध्या परदेशात आहे, चावी कुरियरने पाठवतो' म्हणणारा घरमालक शंभर टक्के भामटा.

नोंदणी, आणि मग भराभर बाकीचं

चार महिन्यांहून जास्त राहणार असाल तर पोचल्यापासून पाच दिवसांत महानगरपालिकेत नोंदणी करायची असते. अपॉइंटमेंट भारतातूनच घ्या. शहरात परदेशी नोकरदारांसाठी खास केंद्र आहे. नोंदणी आणि आयएनडीचं बोटांच्या ठशांचं काम तिथे एका छताखाली होतं. इथून तुम्हाला बीएसएन हा क्रमांक मिळतो. पगार, कर, विमा, डॉक्टर, सगळं त्याच्यावर चालतं. क्षयरोगाची तपासणीही करून घ्यायची असते, तिचा कागद आला की बाजूला टाकू नका.

बीएसएन हातात आला की सरकारी संकेतस्थळांसाठी डिजीडी हे लॉगिन काढा. त्याचा कोड टपालाने घरी येतो, म्हणून पत्रपेटीवर आपलं नाव त्याच दिवशी चिकटवा. आरोग्य विमा चार महिन्यांत घ्यावाच लागतो आणि हप्ते मागच्या तारखेपासून लागतात, त्यामुळे उशीर करून पैसे वाचत नाहीत. 18 वर्षांखालच्या मुलांना हप्ता नाही. मोठ्यांना वर्षाला पहिले 385 युरो खिशातून भरावे लागतात, पण 'हाउसआर्ट्स'कडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, जाण्याचे पैसे त्यात धरत नाहीत. या डॉक्टरकडे ठणठणीत असतानाच नाव नोंदवा. त्याच्या चिठ्ठीशिवाय स्पेशालिस्ट भेटत नाही, आणि त्याचं पहिलं उत्तर बहुधा 'पॅरासिटामॉल घ्या, आठवड्याने बघू' हे असतं. आपल्याकडे सर्दीला अँटिबायोटिक लिहून देणाऱ्या डॉक्टरांची सवय असलेल्यांना हे फार लागतं.

कंपनीबरोबर 30 टक्के करसवलतीचा, म्हणजे परदेशातून आलेल्यांच्या पगाराचा तेवढा भाग करमुक्त धरण्याचा, अर्ज नोकरी सुरू झाल्यापासून चार महिन्यांत करा, म्हणजे ती पहिल्या दिवसापासून धरतात. 2027 पासून ही टक्केवारी 27 होणार आहे. या सवलतीचा एक आडफायदा फार जणांना माहीत नसतो: ती असेल तर भारतीय ड्रायव्हिंग लायसन्स परीक्षा न देता डच लायसन्समध्ये बदलून मिळतं. नसेल तर नोंदणीनंतर 185 दिवस आपलं लायसन्स चालतं, पुढे नाही.

मुलं, पोट, सायकल

मूल चार वर्षांचं झालं की शाळेत जाऊ लागतं, पाच वर्षं पूर्ण झाली की ते सक्तीचं. आंतरराष्ट्रीय शाळा शहरात आहे. पण मूल सहा-सात वर्षांच्या आतलं असेल आणि तुमचा मुक्काम लांबणार असेल, तर मी सरळ डच शाळेत घालीन. वर्षभरात तेच दुकानात तुमचं दुभाषी होतं.

कणीक, पोहे आणि हिंग भारतीय दुकानांत मिळतात. कोथिंबिरीची भरगच्च जुडी हवी तर वून्सेल भागातल्या क्रौइसस्ट्राटवर जा. सुपरमार्केटात तिच्या चार काड्या प्लॅस्टिकच्या डबीत विकतात.

सायकल जुनीच घ्या आणि दोन कुलुपं लावा, त्यातलं एक खांबाला बांधायची साखळी. पुढचा-मागचा दिवा चालू आहे ना ते ऑक्टोबरातच बघा, कारण डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो. रस्त्यावर कोणी 'हाउदू' म्हणालं तर दचकू नका. ब्राबांट या इथल्या प्रांतातला तो निरोप आहे.